खुर्ची

पत्रकार विचारतात, द्वेष कधी सुरू झाला?
मला द्वेष आठवत नाही. खुर्ची आठवते.

लाकडाची गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात
ऑरिन तीन आठवडे कुणाशी बोलला नव्हता.
आयडाहोतलं आमचं गाव, खिडकीच्या वर चढलेला बर्फ,
आणि लेम्युएलच्या प्रार्थनाघरात
कुणीतरी त्याच्यासाठी खुर्ची राखून ठेवली,
पाठीवर खडूनं त्याचं नाव.
वाटाण्याचं सूप.
‘उशीर केलास, भाऊ,’ एवढंच म्हणाले.

प्रश्न नंतर संपले.
शंका दाराबाहेर काढून ठेवायची, चिखलाच्या बुटांसारखी.
ओंडका चिरावा तसं जग मधोमध चिरलं
आणि मध्ये पडला तो भुसा,
म्हणजे मी, आई, दवाखान्यातली इनेझ
जिनं करवतीखाली सापडलेला त्याचा अंगठा
सात टाके घालून वाचवला होता,
तो झाडून टाकायचा.

तुरुंगात, काचेपलीकडच्या त्याला मी फोनवर विचारलं,
इनेझची त्या दिवशी पाळी होती, ठाऊक होतं तुला?
म्हणाला, ‘आत माणसं नव्हती, डेल्फा.
नुसती दुसरी बाजू होती.’
आवाज शांत.
लहानपणी पिंजऱ्यातला उंदीर
कुरणापर्यंत नेऊन सोडताना असायचा
तसाच.

मला भीती वाटते ती याचीच.
राक्षस असता तर कुलूप पुरलं असतं.

मी उठले तेव्हा त्यानं विचारलं,
रविवारी माझी खुर्ची रिकामी ठेवतात ना?

नाही, ऑरिन.
हॅकेटचा धाकटा बसतो.
त्याचंही काम सुटलंय.