एकशे त्रेचाळिसावं पान

पुस्तक मिळालं तेच दोन तुकड्यांत.
सीताबर्डीच्या फूटपाथवर, शिवण उसवलेलं, मुखपृष्ठ गेलेलं,
लेखक कोण, कुठल्या भाषेतून आलेलं, काही कळायला मार्ग नाही.
दुकानदार म्हणाला, जोडीनं चार रुपये,
सुटं घ्याल तर तीन-तीन.
पुढचा तुकडा मी नेला अजनीच्या रेल्वे क्वार्टरात,
मागचा शालिक हेडाऊनं, गोळीबार चौकात.
वाचून बदलायचे, असं ठरलं.

म्हणजे शालिकनं माणसं आधी मरताना वाचली,
मग जेवताना.
त्याच्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर
सगळे टेबलाशी बसलेत, निघायला अजून एक रात्र आहे,
आणि कोणीतरी मीठ मागतंय.
अजूनही म्हणतो, लय सुखाचा शेवट होता बे.

त्या ग्रहाबद्दल लेखकानं एवढंच लिहिलं होतं:
जमीन तापलेली होती.
बाकीचं मी भरलं.
यार्डामागचं मैदान, सत्तेचाळीस अंश,
डांबरात रुतून राहिलेली एक चप्पल.
कप्तान बाई होती. तिला मी चेहरा दिला
भूगोलाच्या खोब्रागडे बाईंचा,
त्याच वर्षी त्यांची गोंदियाला बदली झाली होती.
आणि ऊन लागू नये म्हणून
तिच्या अंतराळपोशाखाच्या खिशात
एक कांदा.

तीस वर्षांनी शालिकचा फोन:
ट्रेलर पाह्यला का? आपलं पुस्तक हाय ते.

मॉलमध्ये एसी असा की उन्हासाठी बांधलेला दुपट्टा
आत थंडीसाठी पांघरला,
आणि कुडकुडत बघितला तापलेला ग्रह.
यान सुंदर होतं. फारच सुंदर.
बोगद्यातून कप्तान चालत जाते ती अकरा पानं
(मी तीन दुपारी चाललो होतो तिच्यासोबत)
एका दारात संपली. बंद झालं, उघडलं, पोचली.
चेहरा दुसराच. चांगला होता, उगाच कशाला नावं ठेवू.
पण त्या रात्रीपासून बाईंचा चेहरा आठवायला जातो
तर ही नटी येते.
कांदा अर्थातच नव्हता.

मग बाहेरचं दार उघडलं, पलीकडे पोकळी,
आणि अख्ख्या हॉलचा आवाज गेला.
संगीत नाही, श्वास नाही.
पुढच्या रांगेतल्या पोराचा हात
पॉपकॉर्नच्या डब्यात तसाच राहिला.
पुस्तकात तिथं एकच शब्द होता: निःशब्द.
तो शालिकनं वाचला होता चार पॉवरलूमच्या मधे,
सुताच्या गठ्ठ्यावर बसून,
जिथं आईला बोलवायचं तर
दिवा दोनदा बंद-चालू करावा लागे.
त्या शब्दावर तो कधी अडला नव्हता.
आता खुर्चीचा हात धरून बसला.
सोळा सेकंद. नंतर त्यानंच सांगितलं, मोजले म्हणून.

"हे पुस्तकाले नाई जमलं," जिन्यावर म्हणाला.
"खरं सांग, जमलं?"
मी पार्किंगची पावती शोधत राहिलो.

एक पान मात्र दोघांकडेही नाही.
माझा तुकडा एकशे बेचाळीसवर संपतो:
कप्तानानं हातमोजा काढला आणि
त्याचा एकशे पंचेचाळीसपासून सुरू होतो:
हे कोणालाच सांगायचं नाही, असं ठरलं.
सिनेमात तिथं चुंबन आहे. मागं व्हायोलिन.
आम्ही दोघं एकदमच हसलो, अंधारात,
कोणीतरी शुक् केलं.
न वाचलेल्या पानाबद्दल
इतकी खात्री कशी काय असते माणसाला?

तर्री-पोह्याच्या ठेल्यावर पुन्हा तोच वाद.
मी म्हटलं, ती कबुलीच देत असणार.
आजाराची, किंवा इंधनाची.
शालिक चमच्यानं तर्रीवरचं तेल बाजूला सारत होता.
"मजकूरच नसंल बे," तो म्हणाला.
"चित्र असंल. कोणाले तरी आवडलं,
त्यानं फाडून भिंतीले लावलं."

गाडी सुरू करायची होती.
किल्ली हातात होती.