सात वाजताची मालिका

पिओरियात सात वाजले की
हॅल्वर्सनबाई आवाज वाढवतात.
पडद्यावरचं कुटुंब हात धरून
जेवणाआधी प्रार्थना करतं,
कुणाचाच बटाटा निवत नाही.
पळून गेलेला मुलगा
शेवटच्या जाहिरातीआधी घरी येतो,
पाद्री त्याच्या डोक्यावर हात ठेवतो.

मी त्यांच्या गुडघ्यांना मलम चोळते.
"तुमच्यात असतं का गं असं?"
एका भागात आमच्यातलीही आली होती.
उदबत्ती, एक वाक्य, की लगेच केक.
सांगत नाही, की आमचे बाबा
देवासमोर बसून विजेचं बिल तपासत
आणि चिडले की
देव्हाऱ्याचं दार आपटत.

चौदा वर्षं न फिरकलेला त्यांचा ऑरिन
मार्चमध्ये तिकडेच, टुल्सात वारला.
खरा पाद्री आला.
बुटांना चिखल, नाकाला पडसं,
वचन अर्ध्यातच विसरला,
चष्म्यासाठी खिसे चाचपत राहिला.
मग कुणीच काही बोललं नाही.

टीव्ही मी बंद केला नव्हता,
नुसता मुका केला होता.
तिकडे ते हात धरून बसलेले.
हॅल्वर्सनबाईंनी माझा धरला.
मलमानं चिकट होता.