४५६३१८ (पी. पी.)

माहीमच्या आमच्या सहकारी बँकेत
दहा वाजून पाच मिनिटांनी शटर वर जातं,
आणि कॅशियर कुंदा पाठारे मला बघून
आधी चष्मा पुसते, मग म्हणते,
"आज नाणी. नोटा मंगळवारी."

मी बाकावर पिशवी उपडी करतो.
वर्षाखाली हिरा, म्हणजे आपल्याच फोर्टातलं;
चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा,
काहीच नसेल तर कलकत्ता.
वॉचमन रोज विचारतो,
"काका, सोनं सापडलं का?"

छत्तीस वर्षं गिरगावात
एका छापखान्यात प्रुफं तपासली.
ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला आधी दिसायचा,
मजकूर नंतर,
कधी कधी दिसायचाच नाही.
निवृत्त झालो ते मी, डोळ्यांना कोण सांगणार?
ते भाजीवालीच्या नोटा वाचू लागले.

लोक ७८६ मागतात. कुणी लेकीची जन्मतारीख.
बोहरी आळीतला एक दलाल
सहाच्या सहा नऊ शोधत शाखा पालथ्या घालतो.
मला एकच हवा होता :
चार पाच सहा, तीन एक आठ.

नोटेवर सहा आकडे असतात.
मुंबईच्या फोनलाही तेव्हा सहाच असत.
हा आमचा नव्हे, खालच्या मजल्यावरच्या कोपरकरांचा.
लग्नपत्रिकेवर, रेशन ऑफिसात,
मनोहरच्या जहाज कंपनीच्या फॉर्मवर
पुढे पी. पी. लिहून आम्ही तो आपला केला होता.
कोपरकरीण जिन्यातून ओरडायची,
"अहो, एडन! एडन!"
जणू एडन नावाचा पाहुणाच दारात उभा.
मी दोन-दोन पायऱ्या उतरायचो,
मागून आई, पदराला पीठ पुसत,
आणि तिची पाळी येईतो तीन मिनिटं संपलेली.

पुढे त्या नंबराला डावीकडून आकडे चिकटले,
आधी एक, मग आणखी एक.
कोपरकर विरारला गेले.
मनोहरचं जहाज कुठल्या बंदरातून निघालं
ते कंपनीने कळवलं.
कुठे पोचलं, ते नाही.

हे मी कुंदाला कधी बोललो नाही.
तिला वाटायचं, लॉटरी असेल.

या मंगळवारी तिने काचेआडून बोट हलवलं.
दहाच्या कोऱ्या नोटांचं पुडकं, चॉकलेटी,
वरची नोट ४५६३०१.
बोटाला थुंकी लावायचीही विसरलो.
दहा. तेरा. सोळा. सतरा.
मग एक चांदणी.
मग एकोणीस.

चांदणीच्या नोटेवर नंबर भलताच कुठला तरी.
कुंदा म्हणाली, "मधली बाद झाली असणार छपाईत.
तिच्या जागी अशी घालतात.
नशीब काढलंत, दलाल हिचे दोनशे देईल."

बाद झाली.
म्हणजे छापली तर गेली होती.
कुठल्या तरी टेबलावर माझ्यासारखाच कुणी
दिवा जवळ ओढून तिच्याकडे बघत राहिला असेल,
शाई फाकलेली, एखादा आकडा घसरलेला,
आणि नियमाप्रमाणे बाजूला काढली असेल.
मीही काढली असती.
माझ्या लाल फुल्या मी कधी मोजल्या नाहीत.

"घेताय ना पुडकं?"
मागे पासबुक घेऊन एक बाई खोकली.
मी हजार रुपये सरकवले.

अल्बममध्ये आता सतरा आहे, एकोणीस आहे,
मधला खण तसाच.
त्यातून मागच्या पानावरच्या पाचाच्या नोटेवरचा
ट्रॅक्टर दिसतो, अर्धा.

चांदणी दलालाला दिली नाही.
बाजाराच्या तोंडाशी तिचं एक लिंबू घेतलं.
बाईने न बघताच ती मांडीखाली सारली
आणि पाचाचं नाणं परत दिलं.
सवयीने उलटं केलं.
वर्षाखाली हिरा.
इथलंच निघालं.