रुमालाखालचा पगार

मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या पेट्या तोलल्या,
म्हणून क्लबानं मला खजिनदार केलं.
खजिना म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
सभासदामागं महिना दहा रुपये,
तेही मागून.
जाळी फाटली की इलियास सतारमेकर
पितळी तारेनं सांधायचा.
गोल झाला की वाजते, म्हणायचा.
मला कधी ऐकू आली नाही.
आमचे गोलही तसे कमीच.

मग भूपालशेठ मगदूम आले.
हळदीचे व्यापारी. नखं पिवळी, मोटार पांढरी.
कोल्हापूरवाल्यांकडून आम्ही पाच खाल्ले
त्या संध्याकाळी माझ्या शेजारी बाकावर टेकले,
'किती लागतील?'
मी आकडा सांगितला.
'अहो, वर्ष काढायचे विचारत नाही.
जिंकायचे किती?'

पगार ठरायचे सांगलीच्या यार्डात, पोत्यांवर बसून,
त्यांच्या आजोबांच्या रिवाजानं:
हातावर रुमाल, रुमालाखाली बोटं.
तोंडानं फक्त 'हजार' म्हणायचं,
किती, ते दाबायचं.
सॅमसन भोरेला तीन बोटं.
गोव्याहून आणलेल्या स्ट्रायकरला पंजा, पुन्हा पंजा,
वर खोलीभाडं, वर रविवारचं मटण.
गोलकीपर दादू ऐवळेला दीड.
अर्धं कसं दाबतात ते मला त्या दिवशी कळलं:
बोटाच्या पेरावर नख.

कुणाला किती, कुणाला पत्ता नाही.
मॅचआधी बूट बांधताना
सगळे एकमेकांचे हात बघायचे.

तीन हंगाम कप आमच्याकडं.
दहा रुपयांसाठी मी कुणाच्या दारी गेलो नाही,
कुणी आपणहून द्यायलाही आलं नाही.
डब्यात बायकोनं मेथ्या भरल्या.
पेपर आला की मी खेळाचं पान सोडून
आधी बाजारभाव बघायचो.
राजापुरी क्विंटलला चारशेनं उतरली
की आमच्या उजव्या विंगरचा गुडघा दुखू लागायचा.
चढली की डॉक्टराशिवाय बरा.

वहीत जमेला शेठ, नावेला शेठ,
उणे पडलं तर येणे: शेठ.
ऑडिटरनं चष्मा काढला.
'भाऊसाहेब, हे खातं नाही.
हा माणूस आहे.'
मी म्हटलं, व्हय,
आणि चहा मागवला. शेठच्या नावावर.

परवा मिशन हॉस्पिटलात बोलावणं आलं.
नाकात नळी. पिवळी नखं कुणीतरी कापलेली.
मुलगा पुण्याहून आलेला, मांडीवर लॅपटॉप,
सभ्य पोरगा, आवाज खाली ठेवून विचारतो,
'काका, करारपत्रं कुठायत?'
काय दाखवू? रुमाल?

शेठनी चादरीखाली माझा हात ओढला.
दोन बोटं दाबली. थांबले.
मग पेरावर, नख नव्हतं तरी, नखाची जागा.
अडीच.
मी तोंडाकडे बघत राहिलो
पुढचा शब्द यावा म्हणून.
शंभर, हजार, लाख. महिने असतील, तर महिने.
नळीतून नुसता श्वास येत होता.
'काय म्हणाले पप्पा?' मुलानं विचारलं.
मी म्हटलं, ओळखलं त्यांनी मला.

खाली पोर्चमध्ये नऊ जण उभे.
गोव्याचा पोरगा आदल्या रात्रीच्याच गाडीनं गेलेला,
तिकीट मीच काढून दिलेलं.
कुणी काही बोलेना.
दादूनं तेवढा हात पुढं केला,
गोलकीपरचा, एक करंगळी वाकडी बसलेली.
मी खिसा चाचपला. रुमाल होता.
त्याच्या हातावर पसरला, खाली हात घातला,
आणि आत दोघांचे हात
नुसतेच राहिले.

बराच वेळानं दादू म्हणाला,
'तोंडानं तरी काहीतरी म्हणा.'