गेले

डोक्याला बांधतात ते गेले.
चार हात कापड, मुळातच ताठ,
कपाळाला टेकवायचं, मागे ओढायचं,
मग एकेक निरी बोटानं उभी करत जायची
कोबीच्या पानांसारखी.
मुशिनमध्ये शिकले, मावशीकडे, फुटक्या आरशासमोर.
आता सिनेमावाले बोलावतात.
जेवण त्यांचं, बसभाडं माझं.

या वेळचा बंगला इकोयीत.
सिनेमात तो चीफ बामग्बालांचा.
चीफ पहिल्याच दृश्यात मरतो,
मग दोन तास त्याच्या बायका, लेकी, वकील
आणि एक भाचा, ज्याचं नाक थेट चीफसारखं.
मृत्युपत्र पियानोत सापडतं.
पियानो घरचाच. वाळवी लागलेला.

मोठी मादाम धाकटीच्या थोबाडीत मारते
ते सकाळपासून नऊ वेळा झालं.
दर वेळी धाकटीचं गेले डावीकडे कलतं,
दर वेळी मी धावते, टाचण्या ओठांत धरून.
धाकटीचं काम करणारी न्कोयो, कालाबारची पोर,
हळूच म्हणते, सिदिकात ताई, घट्ट आवळ,
तेवढाच आधार.

बंगल्याची खरी मालकीण जिन्यावर बसलेली.
इबिदुन्नी. सत्तरी ओलांडलेली. पायात रबरी सपाता.
सकाळी तिनं भाड्याचे पैसे थुंकी लावून दोनदा मोजले
आणि फाटकाशी उभ्या डिझेलवाल्याला
त्यातले निम्मे तिथंच दिले.

पाचव्या थपडेला ती हसली.
सातव्या थपडेला म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही:
मी नव्हतं मारलं.
मी तिला बसायला खुर्ची दिली.
ते जास्त लागतं.

दुपारी जनरेटर धापा टाकत बंद पडला.
सगळे अंधारात, घामात, आपापल्या फोनच्या उजेडात.
तिनं मला मनगटाला धरून वर नेलं.
कपाट उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास,
आणि बीटाच्या रंगाचं एक गेले, जर काळवंडलेली.
साहेबांच्या पन्नाशीला पाचशे बायकांना
याच थानातलं वाटलं होतं, म्हणाली.
तीही हेच बांधून आली.
तिला कापड कुणी दिलं, मला अजून कळलेलं नाही.

थोडा वेळ काही बोलली नाही.
साहेब गेले.
ती गेली, गेल्या वर्षी, इबादानला.
मुलं ह्यूस्टनला, ती काय, गेलेलीच.
बांध.

डोकं लहान झालं होतं तिचं, लिंबाएवढ्या अंबाड्याचं.
कापड घड्यांवर विरलेलं, निरी काही उभी राहीना.
आत वर्तमानपत्राचा कागद कोंबला मी.
मावशीची युक्ती.

संध्याकाळी मेजवानीचं दृश्य.
जोलोफ भात तीन दिवसांचा, वरून तेल फवारलेला.
ती खाली आली ती सरळ टेबल तीनला जाऊन बसली,
रोजंदारीवरच्या पाहुण्यांत.
दिग्दर्शकानं ओळखलं नाही.
म्हणाला, ही म्हातारी कुणी पाठवली?
छान आहे. पुढे घ्या तिला.

नोटा उधळल्या. एका बाजूनं छापलेल्या.
एक तिच्या मांडीवर पडली.
तिनं उलटून पाहिली, कोरी बाजू,
तरी नीट घडी करून पोलक्यात खोचली.

मग बोलावणं नसताना धाकटी येते.
कुणी तिला जागा द्यायची नाही, असं ठरलेलं.
न्कोयो दारात उभी. संगीत थांबलं.
आणि इबिदुन्नी उठली,
शेजारची खुर्ची ओढली, पाय फरशीवर करकरले,
तळव्यानं बैठक झटकली.

न्कोयो बसली.
तिचं रडणं कागदावर नव्हतं.
थांबा म्हणायला दिग्दर्शक विसरला.

सिनेमा मी पुढे शेजारणीच्या फोनवर पाहिला.
खुर्ची नाही त्यात. धाकटी शेवटपर्यंत उभीच.
थप्पड मात्र आहे, दोनदा, सावकाश करून.
फक्त एकदा मागे, टेबल तीनकडे,
बीटाच्या रंगाचा कोपरा सरकतो.
मी फोन थांबवला, मोठं करून पाहिलं.
उजवीकडची एक निरी बसलीय,
कागद बहुतेक घामानं भिजला.
हात गेला माझा काचेवर, सारखी करायला.