पंच्याऐंशी, पंच्याऐंशी

घरी आईने घट बसवला त्या सकाळी
मी इथे पेटी लावली.
पंच्याऐंशी अंश ताप, हवेत पंच्याऐंशी टक्के ओल,
आत बारा काचा, प्रत्येकीत नखाएवढा काळा चौकोन.
हजार तास. म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत.
दार उघडू नये, असं मीच लिहून डकवलंय
मराठीत, गुजरातीत,
आणि दोन्ही न वाचणाऱ्यांसाठी एक वटारलेला डोळा.

किरीटभाई विचारतात, बेन, आ चालशे?
चालेल हो. चालतं तर सगळंच.
पहिल्या दिवशी ही काच सिलिकॉनच्या तोंडात मारील अशी चालते.
प्रश्न टिकण्याचा आहे.
ते मान हलवतात. टकशे, म्हणतात, टकशे.
एक वेलांटी गळाली, बाकी शब्द तोच.

आमच्याकडे वादात हरायला लागलेला माणूस म्हणतो,
तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत.
मी ह्यांना बेचाळीस दिवसांत पंचवीस दाखवते,
असं पाहुण्यांना सांगायची पद्धत आहे.
पाहुणे खूश होतात, काचेला नाक लावून बघतात.
खरं तर पेटीतल्या एका तासाचे बाहेर किती दिवस होतात
ते ह्या काळ्या मंडळींच्या बाबतीत नक्की कुणालाच ठाऊक नाही.
पंचवीस वर्षं जगलेली त्यांच्यात अजून एकही नाही.

गच्चीवर ह्यांच्याच चार बहिणी खऱ्या उन्हात आहेत.
दिवसभर उतरत जातात,
रात्री अंधारात नुसत्या पडून राहतात
आणि सकाळी थोड्या भरून आलेल्या असतात.
सगळ्या नाही. सगळं नाही.
तिथून झाडांच्या फटीतून विश्वामित्री दिसते,
काठावर मगर जबडा उघडा टाकून पडलेली.
हिची चाचणी कुणी घेतली, कुठल्या पेटीत?

अष्टमीच्या रात्री, एकशे ब्याऐंशीव्या तासाला,
मैदानावर गरबा रंगात आला आणि इकडे वीज गेली.
चाळीस मिनिटं. जनरेटरला जाग आली नाही.
आलेखात तेवढी फट राहिली.
दंडवते सर म्हणाले, दोन टोकं जोडून टाक, कोण बघतंय.
मी नाही जोडली.
त्या चाळीस मिनिटांत त्यांनी काय केलं ते त्यांना माहीत.

मग वसुबारसेला सात नंबर.
कोपऱ्यात पिवळं, हळदीचं बोट लागावं एवढंसं.
संध्याकाळपर्यंत अर्धा चौकोन.
पाणी पोचलं की आतलं शिसं असं पिवळं होऊन बोलतं.
पण शिरलं कुठून?
कडेची काळी पट्टी मी लावली होती,
किरीटभाईंनी दाबली होती.
तो अख्खा चहा आम्ही एकमेकांकडे न बघता प्यायलो.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसला.
कडेपासून थेट आतपर्यंत, पट्टीत आडवा झोपलेला,
एक केस.
त्याच्या बाजूबाजूने पाणी चालत आलं होतं,
बांधावरून माणूस येतो तसं, घाई न करता.

किरीटभाईंना टक्कल.
सरांनी काचांना कधी हात लावलेला नाही.
लिहू नका बेन, किरीटभाई म्हणाले, अकरा तर उभ्या आहेत ना.
मी वही ओढली.
नमुना सात. सहाशे चोवीस तास. बाद.
कारण: पट्टीत केस, एक.
रंगाला रकाना नव्हता, तो मी आखला.
पांढरा.
आणि त्याखाली, बारीक अक्षरात:
उन्हाने नव्हे.