गाण्यांची वाटणी झाली नाही

कुकर हेरंबने नेला, शिट्टी माझ्याकडे राहिली.
गालिचा, दोन सुटकेसी, बर्फ ओढायचं लाल फावडं,
सगळ्याची यादी झाली, वकीलबाईंनी टाइप केली,
सह्या केल्या. पेनसुद्धा त्याचंच होतं.
गाणी तेवढी वाटावी लागली नाहीत.
"कॉपी करून घे ना," म्हणाला.
चाळीस मिनिटं लागली.
ओट्यापाशी उभे राहून आम्ही
पडद्यावरची हिरवी पट्टी भरताना बघत होतो,
दूध उतू जाईल म्हणून बघावं तसे.

आता सिरॅक्यूजमध्ये जानेवारी.
पहाटे साडेपाचला मी गाडी बर्फातून उकरून काढते,
हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त
माझी वाट बघत असतं.
सहाशे नव्वदवर पुढे मिठाचा ट्रक,
रस्त्यावर मूठमूठ मीठ उधळत चाललेला,
दृष्ट काढून झाल्यासारखा.
आणि डॅशबोर्डवर तीन हजार चारशे बारा गाणी,
कुठलंही आधी, कुठलंही नंतर.

आज पहिलं त्याचं.
गिटारचा कडकडाट, आणि कुणी नॉर्वेकडचा माणूस
घशात वाळू अडकल्यासारखा ओरडतोय.
अकरा वर्षं मी म्हणत होते, बंद कर ते.
आता बंद करायचं बटण माझ्याच अंगठ्याखाली आहे
आणि अंगठा स्टिअरिंगवर ठेका धरतोय.
हे ऋताला सांगायचं नाही.

मग मारवा. अर्धाच.
चार मिनिटं सात सेकंदांनी फाईल तुटते.
बाई कोमल रिषभावर उभ्या,
आणि खालची शिडी कुणीतरी काढून नेलेली.
मारव्यात तसाही षड्जाला ताटकळत ठेवतात,
माझ्याकडे तो वीस वर्षं आलेलाच नाही.
पूर्ण रेकॉर्डिंग आता कुठंही मिळेल.
मी शोधलेलं नाही.

एक लावणी, माझी.
एक सॅक्सोफोन, कुणाचा ते आठवत नाही.
म्हणजे वाजवणारा कोण ते नव्हे,
आमच्यापैकी कुणाचा.

ईस्ट अॅडम्सच्या सिग्नलला
एकोणीस सेकंदांचं काहीतरी लागतं,
नाव नुसतं 'ट्रॅक ०७'.
खरखर. खुर्ची सरकते. खाकरणं.
"सूनबाई, लाल बटण दाबायचं ना?"
आणि खट्.

नाना. इचलकरंजीला, त्यांच्या कापडाच्या दुकानामागे,
मी नेलेल्या रेकॉर्डरवर ते एक पद म्हणणार होते,
त्यांच्या आईचं, कुठंच न लिहिलेलं.
बटण आधीच दाबलेलं होतं, त्यांनी परत दाबलं.
आत जेवायची पानं वाढली होती.
मग राहिलं. मग नाना गेले.
मग आम्हीही सह्या केल्या.

माजी सासरे म्हणू का?
माजी आमदार म्हणतात तसं?
ऋतासाठी आजोबा आहेत, त्याच्यासाठी वडील,
माझ्यासाठी काय, ते वकीलबाईंच्या कागदात नाही.

आणि आज इतक्या दिवसांनी लक्षात येतं,
हे त्याच्याकडेही असणार.
तिकडे रॉचेस्टरला, कांदा चिरताना,
ओरडणाऱ्या दोन गाण्यांच्या मधे
त्याच्या वडिलांचा आवाज अचानक येत असणार,
आणि हाक मला मारत असणार.
पुढचं लावतो का तो? का हात पुसून थांबतो?
विचारण्यासारखी ही गोष्ट नाही.
ऋताच्या फीचे मेसेज आम्ही करतो,
त्यात हे कुठल्या ओळीत बसवू.

मागून हॉर्न. सिग्नल केव्हाचा हिरवा झालाय.
"हो नाना, लाल," मी म्हणते,
काचेवर वाफ धरते.

पार्किंगचा तिसरा मजला. जागा मिळते.
काहीतरी संथ सुरू झालंय, नुसती सारंगी.
संपेपर्यंत बसले तर सहा मिनिटं उशीर होईल.
रक्ताचं काय,
ते बर्फात ठेवलेलं असतं.